एका बाहीचा कोट

तर कोटाला एकच बाही उरली होती, इथपर्यंत आलो होतो आपण. दुसरी बाही मास्तरांनी स्वतःच्या हाताने उसवून खुंटीला टांगली होती, आणि मोठ्या हॉटेलचा तो धिप्पाड दरवान नुसत्या शर्टावर, भर वाऱ्यात, दाराशी उभा होता. तेही ऐन हंगामात. गावातल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. मास्तरांचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं जो तो काकूंना विचारून जाऊ लागला.

पण मास्तर काय चीज होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर या कोटाची गंमत कळायची नाही.

तळ्याकाठचं हे गाव वर्षातले सात महिने पेंगायचं आणि पाच महिने डोळ्याला डोळा लावायचं नाही. ते पाच महिने पाहुण्यांचे. पाहुण्यांच्या मागोमाग कामकरी यायचे. आचारी, वाढपी, खोल्या आवरणाऱ्या बाया, नावाडी, दरवान. कुठून कुठून यायचे, हॉटेलच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांत चौघं चौघं राहायचे आणि हंगाम संपला की पाखरांसारखे उडून जायचे. त्यांच्या अंगावरचे झाडून सगळे गणवेश मास्तरांच्या हातचे. दुकान केवढं, तर दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल आणि ट्रायलसाठी पडदा लावलेला कोपरा. त्या कोपऱ्यात एखादा आचारी शिरला की आचारी कुठे संपतो आणि पडदा कुठे सुरू होतो ते कळायचं नाही.

मास्तर माप घ्यायचे आणि त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, वहीत लिहायच्या. एकेका माणसाचं एकेक पान. हंगामाच्या सुरुवातीचं माप वर, नंतर आत घेतलं की त्याखाली. आत घ्यावं लागायचंच. दिवसाला चौदा-चौदा तास पायावर उभं राहिलं की कंबर उतरते. म्हणून मास्तर शिवतानाच पुढे आत घ्यायच्या हिशेबाने शिवायचे.

आता शिंपी म्हटला की 'उद्या या' आलंच. पलीकडच्या गल्लीत एक शिंपी होता, त्याच्याकडे लग्नाचा कोट टाकलेला नवरदेव पोराला कडेवर घेऊन कोट न्यायला आला होता. पण आमचे मास्तर शब्दाचे पक्के. मंगळवारी तीन म्हणजे मंगळवारी तीन. सव्वातीन झाले तर स्वतः पिशवी घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात. त्यांच्या या वक्तशीरपणाचा त्यांना अभिमान होता, आणि काकूंना वैताग.

तो अभिमान एका दिवसात उतरला. खोल्या आवरणारी एक बाई होती, गोड बोलणारी, येताजाता काकूंना हसवणारी. एका हंगामात तिने तिसऱ्यांदा ड्रेस आत घ्यायला आणला. "मास्तर, आजच द्या हं," म्हणाली. मास्तरांनी दिला, सांगितल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी. वर कौतुकानं म्हणालेसुद्धा, "काम मानवलंय तुला, बांधा छान झालाय." दुसऱ्या दिवशी बातमी आली की तिने जीव दिला. खोलीत तो ड्रेस इस्त्री करून नीट टांगलेला होता.

मास्तर वही काढून बसले. तिच्या पानावर चार मापं एकाखाली एक, काकूंच्या सुरेख अक्षरात. दोन महिन्यांत कंबर पाच इंच उतरलेली. "अगं, हे आपणच लिहिलं," ते म्हणाले, "आणि वाचलं कुणीच नाही." मग वही मिटून म्हणाले, "उद्या ये म्हटलं असतं, तर उद्याला काहीतरी काम राहिलं असतं तिला."

त्या दिवसापासून हा माणूस खोटं बोलायला शिकला. सगळ्यांशी नाही. वहीत एखाद्याचं माप भराभर उतरताना दिसलं, की फक्त त्याला. "खांदा नीट बसत नाही, उद्या ट्रायलला ये." "दोरा जुळत नाही, परवा येऊन जा." लोक म्हणाले, मास्तर म्हातारे झाले. पलीकडच्या गल्लीतला शिंपी तर खूश झाला, आपल्या पंथात अखेर एक मोठा माणूस आला म्हणून. काकूंना खरं ठाऊक होतं, आणि त्या वहीत पुढच्या ट्रायलची वेळ लिहून घ्यायच्या.

आता दरवानाकडे येऊ. लाल कोट, पितळी बटणं, आणि हसू असं की पाहुणे आधी त्याच्यासोबत फोटो काढायचे, मग खोली बघायचे. मॅनेजर म्हणायचा, हा माणूस म्हणजे माझ्या हॉटेलची पाटी आहे. कोट जाड अस्तराचा, त्यामुळे आत माणूस किती उरलाय ते बाहेरून कुणाला दिसायचं नाही.

हंगामाचे अजून दोन महिने बाकी होते. तो दुपारी दुकानात आला, दोन्ही कोट हातावर घेऊन. "मास्तर, सैल झालेत. आणि आतली ती माझ्या नावाची पट्टी तेवढी उसवून टाका."

"का रे बाबा, कुठे निघालास?"

"कुठे नाही. पुढे कुणालातरी उपयोगी पडतील. सगळं आवरलेलं असलं की बरं." हे तो नेहमीचंच हसत म्हणाला.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढली. आता माप घेणं ही गोष्ट बघा कशी असते. छातीभोवती टेप न्यायची म्हणजे क्षणभर त्या माणसाला कवेत घ्यावं लागतं. पाच-पाच महिने या लोकांच्या अंगाला मायेचा हात लागत नाही. कितीतरी दांडगे गडी त्या टेपेत उभे राहून पापण्या मिटायचे, आणि अशा वेळी मास्तर आकडा दोनदा वाचायचे, सावकाश.

"छाती, एकोणचाळीस," मास्तर म्हणाले. "एकोणचाळीस."

काकूंची पेन्सिल थांबली. वर बेचाळीस लिहिलेलं होतं.

"कंबर, एकतीस."

वर छत्तीस होतं. मास्तरांनी कात्री उचलली आणि एका कोटाची बाही खांद्यातून उसवून मोकळी केली. दुसऱ्या कोटाचं अस्तर सोडवलं. दरवान बघतच राहिला. "मास्तर, हे काय? संध्याकाळी ड्यूटी आहे माझी."

"खांदाच उतरलाय. नुसतं आत घेऊन भागायचं नाही. उद्या ये ट्रायलला."

"उद्याचं काही नक्की नाही."

"माझं नक्की आहे. अकराला ये. नाही आलास तर एका बाहीचा कोट घेऊन मी हॉटेलात येईन आणि पाहुण्यांसमोर तुला घालीन."

तो आला. मास्तरांनी बाही कच्च्या टाक्यांनी लावली, मान वाकडी करून पाहिली, आणि पुन्हा काढली. "उद्या ये." तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्याच्यापुढे बटणांचा डबा ओतला. "मेल्या, नुसता बसतोस काय, चार भोकांची वेगळी काढ." एवढा थोरला माणूस मांडी घालून बटणं निवडत बसला.

चौथ्या दिवशी बटणांकडे बघतच तो बोलला. "काकू, सकाळी जाग येते तेव्हा छातीवर कुणीतरी बसल्यासारखं असतं. मग दाराशी जाऊन उभा राहतो आणि हसू आपोआप येतं. ते कुणाचं असतं कोण जाणे."

मास्तरांनी मशीन थांबवली. आडून आडून विचारायची त्यांची रीत नव्हती. "जीव द्यायचं मनात आहे?"

"होतं," दरवान म्हणाला. "अजून येतं. पण रोज अकराला तुमच्याकडे यायचं असतं ना."

गुरुवारी सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर यायचे. त्या गुरुवारी मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं. तीस वर्षांत हंगामात पहिल्यांदा. दवाखान्याच्या बाकावर दरवानाशेजारी ते दहापासून एकपर्यंत बसले, मांडीवर कापड घेऊन काजं करत. पहिल्यांदा दरवान आत जाईना. "मला काय वेड लागलंय?" म्हणाला. मास्तर म्हणाले, "मला चष्मा लागला तेव्हा मी आंधळा झालो होतो का?" मग गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दर गुरुवारी यायला सांगितलं आणि म्हणाले, याला एकटा ठेवू नका, घरी कळवा. त्याने घरी सगळं झकास असल्याचं सांगून ठेवलं होतं. काकूंनी दुकानातूनच फोन लावला, त्याच्या कानाला धरला आणि तो बोलेपर्यंत हात हलवला नाही.

इकडे मॅनेजरच्या नाकी नऊ आले होते. हॉटेलची पाटी कोटाविना उभी. नवव्या दिवशी तो स्वतःच दुकानात आला. "मास्तर, एक कोट आत घ्यायला नऊ दिवस? असं असेल तर पुढच्या वर्षीचं काम मला दुसरीकडे द्यावं लागेल."

ते काम म्हणजे मास्तरांचं अख्खं वर्ष. खरं कारण सांगितलं असतं तर सुटले असते. पण ती गोष्ट दरवानाची होती, त्याच्या परवानगीशिवाय ती मास्तर कशी सांगणार? ज्या माणसाला आपल्या वक्तशीरपणाचा एवढा अभिमान होता, तो मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी आहे साहेब. हात चालत नाही आता पूर्वीसारखा."

काकू तोंड फिरवून इस्त्री करू लागल्या. टेबलावर कापडच नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

जेवणघरातल्या सगळ्या वाढप्यांचे गणवेश पलीकडच्या गल्लीत गेले. ते गेले ते गेलेच, परत आले नाहीत. पुढच्या आठवड्यात दरवानाची बायको त्याला न्यायला आली. निघण्याआधी तो मॅनेजरकडे गेला आणि जे होतं ते सगळं स्वतःच्या तोंडाने सांगून आला. मॅनेजर दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीपर्यंत आला, पायरीवरच उभा राहिला, म्हणाला, "बाकीचं काम तुमच्याकडेच राहील," आणि निघून गेला.

दुसरा कोट अस्तर लावून हॉटेलात परत गेला, हा मात्र दुकानातच राहिला. एक बाही अंगाला, एक खुंटीला. काकू झाडलोट करताना म्हणायच्या, "अहो, शिवून तरी ठेवा, बघवत नाही." मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "ट्रायल बाकी आहे." पेंगणारे सात महिने तसेच गेले. मास्तर अधूनमधून कोटावरची धूळ झटकायचे आणि रस्त्याकडे बघायचे.

नव्या हंगामाच्या दुसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, दारातला उजेड अडला. दरवान उभा होता. हातात दवाखान्याचा कागद. "गोळ्या चालू आहेत अजून," तो म्हणाला. "गुरुवारी इथल्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. मधे दोन महिने वाईट गेले, मग बरं वाटलं. हसू येतं कधी कधी. माझं असतं."

मास्तरांनी टेप काढली आणि त्याच्या छातीभोवती नेली. आकडा त्यांनी या खेपेलाही दोनदा वाचला. "बेचाळीस. बेचाळीस." काकूंनी लिहिलं, आणि पेन्सिल कानावर खोचून चहा टाकायला उठल्या.

दरवानाने खुंटीवरची बाही बघितली, कोट बघितला, आणि गालातल्या गालात हसत विचारलं, "मग मास्तर, कधी येऊ? उद्या अकराला?"

मास्तरांनी सुईत दोरा ओवला.

"उद्या कशाला? बस तिथे. तुझा चहा संपायच्या आत देतो."