इंगोले जमादारांचा तपास

इंगोले जमादार दार वाजवले की लगेच बाजूला सरकून भिंतीला लागून उभे राहत. दार उघडणाऱ्याला समोर कोणीच दिसत नसे. पहिल्यांदा ते आमच्याकडे आले तेव्हा माझ्या बायकोने रिकाम्या ओट्याकडे पाहिले आणि दार लावून घेतले. मग मी उघडले. भिंतीकडून आवाज आला, "आदत हाये सर. समोर उभं राह्यलं की कधी कधी काठी बसते."

पोलिसातली नोकरी संपून बरीच वर्षे झाली, तरी काठीची भीती काही निवृत्त झाली नव्हती.

माझ्याकडे, म्हणजे वाशीमच्या एका महाविद्यालयाच्या माजी ग्रंथपालाकडे, त्यांचे काम होते. पोलिसांचा एक कल्याण निधी असतो. प्रत्येकाच्या पगारातून दरमहा थोडे कापले जाते, काही देणगीदार भर घालतात. त्यातून आजारपण, मुलांचे शिक्षण, विधवा, निवृत्त माणसे यांना मदत मिळते. आमच्या जिल्ह्यात निधी होता, मागणारे नव्हते. जमादार म्हणाले, "पोलिसाले मांगता येत नाही सर. गुन्हा कबूल करवनं सोपं हाये, अडचन कबूल करवनं लय कठीन." म्हणून निधीच्या समितीने त्यांना घरोघर जाऊन चौकशी करायला सांगितले होते. पण पंचाशिवाय कोणाच्या घरात शिरणे त्यांना पटत नव्हते. "तुमी कोन्या पार्टीत नाही, अन् तुमाले कोनी वळखतही नाही. असाच मानूस पायजे." माझी इतकी नेमकी ओळख माझ्या निरोप समारंभातही कोणी करून दिली नव्हती.

जमादार हात न उगारता माणसाला बोलते करतात, अशी त्यांची ख्याती होती. अशा ख्याती बहुधा निरोपाच्या भाषणांत जन्मतात, असे माझे मत. पाहावे तरी म्हणून गेलो.

रिठद गावात सुखदेवराव हे निवृत्त हवालदार राहत. जमादारांनी आणि त्यांनी एकाच ठाण्यात नोकरी केलेली. त्यांच्या पत्नी शांताबाईंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. वाशीमच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिस फुकट होई, पण तिथवरची जीप आणि बाहेरून आणायची इंजेक्शने फुकट नव्हती. पेन्शन होती, पण मुलाच्या अपघातानंतर तिच्यावर दोन घरे चालत होती.

"सब ठीक हाये," सुखदेवराव आम्ही बसायच्या आतच म्हणाले. "काहून आले एवढ्या उन्हात?"

"वहिनीच्या हातचा चहा प्याले."

मग जमादार सोयाबीनवर बोलले, रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, केलेल्या नासाडीवर बोलले, जुन्या साहेबांच्या कुत्र्यावर तर फारच बोलले. मला हा तपास की पाहुणचार ते कळेना. शांताबाई चहा घेऊन आल्या तेव्हा जमादारांनी सहज विचारले, "वहिनी, दवाखान्यात कोन्या वारी जाता?"

"बुधवारी."

"अन् पहिले?"

"पहिले बुधवार अन् शनवार जाओ. आता डॉक्टरनं एकच खेप सांगतली. किडनी सुधरून राह्यली म्हने."

त्या आनंदाने सांगत होत्या. लुगड्याखाली त्यांची पावले सुजून तट्ट झाली होती. सुखदेवराव कपात पाहत बसले. डॉक्टर असे काही म्हणाले नव्हते, हे माझ्याही लक्षात आले. कादंबरीत या जागी स्फोट होतो. जमादारांनी बशीत चहा ओतला, फुंकला.

"माही कालच भेट झाली डॉक्टरची. शनवार पुन्हा चालू करा म्हने. सुधरून राह्यली तवाच जोर लावा लागते."

काल ते दिवसभर माझ्या ओट्यावर होते.

फाटकाबाहेर सुखदेवराव आपणहून बोलले. "दोन खेपांले पैसे पुरत नाही हे खरं सांगतलं असतं तं ते एक खेपही गेली नसती. जीपचा खर्च नको म्हने. कमसे कम एक तं होत होती."

"शनवार सोडला तं मरते ते. अर्ज दे."

"देतो. पन स्टेजवर येत नाही. पेपरात फोटो आला तं तिले सारं समजंल."

आमच्याकडे मदतीआधी तिचा फलक तयार होतो. समितीचा आग्रह होता की लाभार्थी मंचावर हवाच. समारंभात दीपप्रज्वलन झाले, पुष्पगुच्छांची देवाणघेवाण झाली, सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. मग दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक आणला गेला आणि तो घ्यायला इंगोले जमादार वर चढले. प्रतिनिधी म्हणून. बातमीदाराने नेमका तेवढा शब्द गाळला. दुसऱ्या दिवशी छापून आले, 'गरजू निवृत्त कर्मचाऱ्यास मदतीचा हात', आणि खाली शाल पांघरलेले जमादार.

पानठेल्यावर लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलू लागले. पुण्याहून त्यांच्या जावयाचा फोन आला. मी म्हटले, दुरुस्ती छापून घ्या.

"अन् दुरुस्तीत कोनाचं नाव टाकतीन सर?"

पैसे सुखदेवरावांच्या खात्यात पोचले. बुधवार-शनिवार जीप सुरू झाली.

एका शनिवारी ती जीप जमादारांच्या घरापुढे थांबली. शांताबाई सुखदेवरावांचा हात धरून उतरल्या. ड्रायव्हरने तुरीच्या डाळीची गोणी आणून ठेवली. मी तिथेच होतो.

"भाऊजी, पेपरात पाह्यलं. सांगतलं काहून नाही? आमी का परके हाओ?"

सुखदेवराव जीपच्या चाकाकडे पाहत उभे राहिले. जमादारांनी गोणीवर हात ठेवला.

"लय अडचन होती वहिनी," ते म्हणाले. "तोंड उघडत नव्हतं."

"एवढं कोनी लपवते का?"

"चुकलं."

मागच्या हिवाळ्यात जमादार गेले. शांताबाई आल्या होत्या. पावलांची सूज उतरली होती. बायकांत बसून त्या सांगत होत्या, "लय अडचनीत दिवस काढले त्यानं. पन तोंडानं कधी मांगतलं नाही."

जमादारांची मुलगी चमकली. "अहो काकू, बाबांना कुठे..."

"राहू द्या ताई," सुखदेवराव हळूच म्हणाले. "खरं हाये ते."