‘शे’चा झाला शेख

रेहानाताई नाव टाइप केलं की समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि तो ‘बराबर’ म्हणेपर्यंत पुढं जायच्या नाहीत. मारेगावच्या आमच्या कार्यालयात त्या कंत्राटी ऑपरेटर होत्या. रांग कुरकुरली की त्या म्हणत, “माणसाचं नाव हाय बाबू, भेंडी नोहे, खचाखच कापाले.”

आरोग्य योजनेच्या यादीत ‘शेख’ऐवजी बऱ्याच ठिकाणी नुसतं ‘शे’ होतं. साहेब म्हणाले, “सगळ्या तक्त्यात एकदम बदला. ‘शे’ दिसला की ‘शेख’.”

“सर, असं केलं तं शेषरावचं काय होईन? आधी यादीची प्रत काढू द्या. मंग जिथं ‘शे’ सुटा हाय, तिथंच बदलते.”

“मले शिकवू नका!” साहेबांनी कीबोर्ड ओढला आणि स्वतःच बटण दाबलं. मी शेजारच्याच टेबलावर होतो.

महिन्याभरानं शेवंताबाई आल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या होत्या, दवाखान्यानं परत पाठवलं. आधारवर शेवंता, यादीत ‘शेखवंता’. शेषरावचा ‘शेखषराव’ झाला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “ऑपरेटरची चूक.”

रेहानाताई ताडकन उठल्या. “बटण तुमी दाबलं, सर! मी नाई म्हटलं होतं. या भाऊंनी ऐकलं हाय.” बोट माझ्याकडं होतं. मी मान खाली घालून आवक-जावक रजिस्टर चाळत राहिलो. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवंताबाईंचं नाव रेहानाताईंनी तिथल्या तिथं सुधारलं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. उरलेली नावं त्या जुन्या अर्जांवरून एकेक करून तपासत बसल्या. “एकदम उलटं फिरवा ना,” मी म्हटलं.

“मधात यादीत नवे लोक भरले ना आपण! त्यातल्या शेखरचा शेर करू काय? आता बोलून राह्यले तुमी, तवा दातखीळ बसली होती!”

शेवटचं नाव नीट झालं आणि त्याच महिन्यात साहेबांनी त्यांचं कंत्राट थांबवलं. शेरा होता, ‘निष्काळजीपणा’. त्या शेऱ्याचं पत्र मीच टाइप केलं. मीच!

एसटी स्टँडवर त्यांना गाठलं. “ताई, मी बोलाले पायजे होतं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “पायजे होतं.”

आणि यवतमाळच्या गाडीत चढल्या.