बिनटॉनिकची फुलं

फुलं मरतात, हे आमच्या शेठना मान्यच नव्हतं. उल्हासनगरला कॅम्पात त्यांचं लग्नाच्या डेकोरेशनचं दुकान होतं आणि मी तिथे फुलांच्या बादल्या सांभाळायचे. दोन हजारनंतरची ती वर्षं. सिंधी लग्न म्हणजे स्टेजभर फुलं आणि चार-चार दिवस चालणारे कार्यक्रम. मेंदीला लावलेलं फूल रिसेप्शनलाही मान वर करून उभं राहिलं पाहिजे, हा शेठचा हट्ट. "फूल गिरा तो इज़्ज़त गिरी," म्हणायचे. पुण्याकडून खोक्यांतून जरबेरा यायचा, उकडलेला, आणि दुसऱ्या दिवशी माना टाकायचा. मग एका औषधवाल्याने त्यांना पांढऱ्या पावडरची छोटी बाटली दिली. झाडांचं हार्मोन. नाव लांबलचक, दुकानात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून शेठ त्याला टॉनिक म्हणायला लागले.

ते सरळ पाण्यात विरघळायचं नाही. आधी थोड्या स्पिरिटमध्ये कालवायचं, मग बादलीत ओतायचं. जास्त झालं की पाकळ्यांच्या कडा करपायच्या, कमी झालं तर घातलं न घातलं सारखंच. जरबेराचा गुच्छ उलटा धरायचा, मुंड्या बुडवायच्या, झटकायच्या आणि देठ साध्या पाण्यात ठेवायचे. दिवसभर हेच काम. सुरुवातीला मला वाटलं, शेठला कुणीतरी टोपी घातली. पण आठवड्याने बघितलं तर बुडवलेली फुलं तशीच्या तशी, आणि न बुडवलेली कधीच कचऱ्यात गेलेली. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटलं. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून मी माहेरी परत आले होते. चाळीतल्या बायका तोंडावर गोड, मागे कडू. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी घरी सांगायचे, आमच्या दुकानातलं फूल मरत नाही म्हणून.

घर अंबरनाथ पूर्वेला. बाबा जन्मभर एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते. रंग अंगात असा मुरला होता की घाम पुसला की टॉवेल पिवळा. आई त्यांच्या उशीचे अभ्रे वेगळे धुवायची. काम सुटल्यावर पिवळेपणा हळूहळू गेला, खोकला तेवढा राहिला. फुप्फुसं संपली आहेत, हे डॉक्टरने मला आणि आईला बाहेर बोलावून सांगितलं. बाबांना आम्ही सांगितलं, दमा आहे, हवा बदलली की बरं वाटेल. ते "हो का" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

संध्याकाळची बुद्धवंदना मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. धाप लागली तर भिंतीला टेकून म्हणायचे. फुलं वाहताना जी गाथा म्हणतात, तिचा अर्थ त्यांनी आम्हा भावंडांकडून लहानपणीच घोटून घेतला होता. हे फूल कोमेजतं, तसा आपला देहही जाणार, एवढाच अर्थ. एकदा मी दुकानात उरलेले जरबेरा आणून मूर्तीपुढे ठेवले. बरेच दिवस झाले तरी ते तसेच. बाबांनी विचारलं, "ही कधी कोमेजणार?"

"टिकतील अजून दोन-तीन दिवस. टॉनिक आहे त्यांना."

"मग मी रोज खोटं बोलतोय म्हण की."

मी त्यांच्यापाशी बसले. "बाबा, ते काही विष नाही. झाडाच्या मुळात तयार होतं आणि वर फुलापर्यंत चढतं. फूल तोडलं की मिळायचं बंद होतं, म्हणून ते म्हातारं होतं. आपण वरून देतो, बस्स."

ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "म्हणजे आपण मुळापासून तुटलोय, हे त्या फुलाला कळू द्यायचं नाही."

"तसंच काहीतरी."

"चांगलंय. तुम्ही मायलेकी माझ्याशी तेच करताय."

आई गॅसपाशी उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मला इतका राग आला, त्यांचा, डॉक्टरचा, स्वतःचा, की हातातलं ताट मी आपटलंच. बाबा मात्र शांत. "चिडू नकोस. एक काम कर. मी गेलो की माझ्यावर ही औषधाची फुलं घालू नकोस. जन्मभर केमिकल खाल्लं, जाताना तरी नको. साधी फुलं घाल. कोमेजली तर कोमेजू दे, बदलायची नाहीत." आणि मग नेहमीसारखं, "नाहीतर तिरडीवर उठून बसेन बघ."

मी हो म्हटलं. हे ऐकायला घरात फक्त आई होती. धाकटा भाऊ दुबईला एसीच्या कामावर होता.

बाबा मे महिन्यात गेले, पहाटे. भावाला फोन केला. तो रडत म्हणाला, "ताई, माझ्यासाठी थांबवा. उद्या सकाळी पोचतो." शेजारच्या माणसांनी बर्फाच्या लाद्या आणल्या. आणि मला फुलं आठवली. दुकानातलं प्रत्येक फूल आल्या आल्या बादलीतून जायचं, बिनटॉनिकचं एक मिळालं नसतं. बदलापूर स्टेशनबाहेर गावाकडची एक मावशी परसातला मोगरा आणि पांढरा चाफा घेऊन सकाळी बसायची. मी चपला घातल्या.

"बाप घरात पडलाय आणि ही कुठं निघाली?" शेजारीण म्हणाली.

"फुलं आणायला."

"आता घ्या. फुलवालीच्या घरी फुलं नाहीत."

एरवी मी तिला सोडली नसती. त्या दिवशी तशीच पुढे गेले. मावशी म्हणाली, "आत्ताच तोडलीत, बाय," आणि मी तिची सगळी पाटी उचलली. घरी येऊन हार गुंफले, बाबांच्या छातीवर घातले. दुपारभर खोलीत मोगऱ्याचा वास होता.

संध्याकाळी शेठ आले. बरोबर पांढऱ्या जरबेराचं मोठं पुष्पचक्र, तारेच्या सांगाड्यात हिरवा ओला स्पंज आणि त्यात खोचलेली फुलं. "बेटा, सफ़ेद ही बनवाया. तुम लोगों में सफ़ेद चलता है ना?" त्यांचे डोळे भरले होते. अशा माणसाला काय सांगणार, की हे परत न्या? ती फुलं मी ओळखली. दोनच दिवसांपूर्वी माझ्या हातांनी बुडवलेली. शेठ गेल्यावर मी चक्र दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवलं.

सकाळ झाली, भाऊ आला नाही. विमानाला उशीर. मोगरा चहाच्या चोथ्यासारखा झाला होता, चाफ्याच्या कडा काळ्या पडल्या होत्या. बर्फाचं पाणी दाराकडे वाहत होतं. आई म्हणाली, "बदल गं. बघवत नाही."

"बाबांनी काय सांगितलं होतं, ऐकलंयस तू."

"ऐकलंय. पण पोरगा इतक्या लांबून येतोय."

"कुणी हात लावायचा नाही," मी म्हणाले आणि बाबांच्या उशाशी जाऊन बसले.

भाऊ दुपारी आला. बॅग दारातच टाकून त्याने बाबांचे पाय धरले. बऱ्याच वेळाने मान वर केली, तेव्हा त्याला ते हार दिसले. "ताई, तुझ्या दुकानात फुलं नव्हती का गं?"

मी सगळ्यांसमोर सांगितलं. औषधाची फुलं नको म्हणाले होते. कोमेजली तरी बदलू नको म्हणाले होते. मी कबूल केलं होतं.

"मरणारा माणूस फुलांचं बोलतो होय?" तो म्हणाला. "दोन वर्षांनी बघतोय मी त्यांना. आणि ते असे?" तो बाहेर गेला आणि चक्र घेऊन आला. माझा मोगरा एका मुठीत ओढून काढला. मी त्याचं मनगट धरलं, जोरात. तेवढ्यात आई म्हणाली, "राहू दे. पोराच्या हातचं आहे."

मी हात सोडला. अजूनही वाटतं, दातांनी धरायला हवा होता.

चक्र बाबांच्या छातीवर ठेवलं गेलं. गाथा सुरू झाल्या. फुलांची गाथा आली तेव्हा सगळी खोली एका आवाजात म्हणत होती आणि जरबेरा ताठ उभे होते. बाबा काही उठून बसले नाहीत.

स्मशानात तार आणि स्पंज जाळायचे नसतात म्हणून कुणीतरी चक्र काढून खांबाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि भाऊ अस्थी घ्यायला गेलो. राख अजून कोमट होती. तिच्यात हात घालताना मला त्यांचा पिवळा टॉवेल आठवला आणि मी तिथेच बसून रडले. भावाने मला उठवलं. मग त्याची नजर खांबाकडे गेली.

"बघ ताई," तो म्हणाला, "कालपासून इथे पडलंय, तरी कसं टवटवीत आहे. उगाच चिडलीस तू."

त्याने ते घरी आणून बाबांच्या फोटोपुढे ठेवलं. स्पंजला बोट लावून बघितलं. "सुकलाय. पाणी घाल ना. अजून चार दिवस टिकेल."

"मी नाही घालणार."

आई भिंतीला टेकून बसली होती, बाबा बसायचे तिथेच. "घाल गं," ती म्हणाली. "घरात तेवढंच काय ते ताजं राहिलंय."

मी तांब्या आणला आणि स्पंज पुरता भिजेपर्यंत पाणी घातलं. संध्याकाळी आईने वंदना सुरू केली. फुलांची गाथा तिने म्हटली, भावाने म्हटली. मीही म्हटली, पण फोटोतल्या बाबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.