अकरा मुखपृष्ठांचं वर्ष

माझी सवत चाळीस वर्षं आमच्या पलंगाखाली राहिली. आमचे हे वाचनालयात बाइंडर. वर्ष संपलं की मासिकाचे बारा अंक एकत्र शिवायचे आणि वर पुठ्ठा चढवायचा. शिवण्याआधी मुखपृष्ठं फाडून टाका, असा ग्रंथपालांचा हुकूम. का, तर जाडी वाढते. हाताने रंगवलेली ती चित्रं टाकायला ह्यांचा जीव होईना. मग काय, परवानगी काढून सगळी घरी! पलंगाखाली पेटीला पेटी लागली. झाडताना माझी कंबर मोडायची आणि हे म्हणायचे, "अगं, हळू! कोपरे दुमडतील." मी दुमडले त्याचं काही नाही!

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर जाणार. सहा महिने, फार तर आठ. मी रडले. हे दुसऱ्या दिवशी तडक वाचनालयात गेले. "माझे खंड मला द्या. दिसतंय तोवर मुखपृष्ठं जागच्या जागी लावून देतो." नव्या ग्रंथपालबाई भल्या. एकेक खंड घरी न्यायला त्यांनी हो म्हटलं.

स्वतःच्या हातची शिवण उसवताना ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. पुढे सुईत दोरा मी ओवायला लागले, मग खळ मी लावायला लागले, शेवटी दाभणही माझ्याच हातात आलं. हे शेजारी बसून बोटांनी टाके तपासायचे. "हा सैल आहे. उसव." जळली मेली ती शिस्त!

पण एक गोष्ट मी लपवून ठेवली होती. एक मुखपृष्ठ पेटीत नव्हतंच. त्यावर खिडकीशी पाय वर घेऊन वाचत बसलेली एक बाई होती. हे रोज ते काढून बघायचे. एकदा दोन्ही पोरं तापाने फणफणलेली, मोरीत भांड्यांचा ढीग, आणि हे चित्र उजेडात धरून म्हणाले, "बघ, किती निवांत आहे!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे कामावर गेल्यावर मी ती बाई शेगडीत घातली. त्यानंतर ह्यांनी त्या चित्राचं कधी नाव काढलं नाही, आणि मीही ताकास तूर लागू दिली नाही.

ते वर्ष नेमकं सगळ्यात शेवटी आलं. तोवर ह्यांना फक्त उजेड-अंधार कळत होता. वाटलं, निभावलं. अकरा मुखपृष्ठं शिवली आणि पुठ्ठा हातात घेतला. ह्यांनी खंड मांडीवर ओढला. मुखपृष्ठाचा कागद गुळगुळीत, आतला खरखरीत. बोट एकेक पान चाचपत गेलं.

"अकराच आहेत."

मी सगळं सांगून टाकलं, शेगडीसकट.

"ठाऊक होतं. पेटीला तुझ्याशिवाय कोण हात लावणार? तू सांगशील म्हणून हे वर्ष मागे ठेवलं. आता कोरा कागद घे. चित्र कसं होतं ते लिही, तोच कागद त्या जागी शिवू."

मी लिहिलं. खिडकी, पाय वर घेतलेली बाई, हातात पुस्तक, अंगावर निळं पांघरूण. वाचून दाखवलं.

"निळं? हिरवं होतं."

"निळंच! जाळताना नीट बघितलंय मी."

"आणि मी रोज बघायचो ते?"

कित्येक महिन्यांनी आम्ही असे कडाकडा भांडलो. भांडता भांडता माझ्या ध्यानात आलं. कोण खरं ते सांगणारी एकच गोष्ट होती, आणि ती मीच जाळली होती.

मी 'निळं' खोडून 'हिरवं' लिहिलं आणि सुईत दोरा ओवला.