आळशी नव्हती ती

मूत्ररोगाच्या ओपीडीत नर्सबाईंना एकोणतीस वर्षं झाली होती. लग्न राहून गेलं, आई गेली, आणि दोन खोल्यांत त्या आणि रेडिओ असे दोघंच उरले. काय बोलायचं ते कामावर, घरी जिभेला सुट्टी, असं त्या हसत सांगायच्या. ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

एकदा एक बाई आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे कपडे कायम ओले. पाच ठिकाणी दाखवून झालं होतं.

"आळशी आहे हो. खेळात दंग झाली की जातच नाही," आई म्हणाली. "समजावलं, मारलं. शाळेत कुणी शेजारी बसत नाही."

खुर्ची रिकामी असूनही पोर उभीच होती. नर्सबाईंनी तिला बाजूला घेतलं.

"लघवी लागल्याचं कळतं का गं तुला?"

"कळतं. मी जाते पण. तरी ओलं होतं."

नर्सबाईंनी तिला लघवीला पाठवलं, कोरडा पॅड दिला आणि घड्याळ बघत बसल्या. दहा मिनिटांत पॅड ओला. पुन्हा बदलला, पुन्हा ओला. हे त्यांनी डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टरांनी बारीक नळीतून मूत्राशयात निळं पाणी सोडलं. पॅड ओला झाला, पण निळा झाला नाही.

"म्हणजे मूत्राशय गळत नाही," डॉक्टर आईला म्हणाले. "मूत्रपिंडाकडून येणारी एक जादा नळी चुकीच्या जागी, खाली उघडत असणार. क्वचित दिसतं हे. पोरीनं कितीही ठरवलं असतं तरी थांबलं नसतं."

आई भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

स्कॅनमध्ये तेच निघालं. ऑपरेशन करून ती नळी चांगल्या नळीला जोडली. पोर कोरडी होऊन घरी गेली.

नर्सबाईंच्या जिवाला मात्र घोर लागला. त्यांची धाकटी बहीणही अशीच होती. आई तिला कोपऱ्यात पोत्यावर झोपवायची, आणि "हिचा वास येतो" अशी तक्रार नर्सबाईंनीच केली होती. धाकटी आता दुसऱ्या गावात एकटी राहायची, घरातच शिवणकाम करायची. फोन वर्षाकाठी एखादा.

रविवारी सकाळी त्यांनी फोन लावला.

"तू अजून ओली राहतेस का गं?"

पलीकडे शिवणयंत्र थांबलं.

"कापडाच्या घड्या ठेवते," धाकटी म्हणाली. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा विचारलंस, ताई."

"इकडे ये. इलाज आहे."

"आता कशाला?"

पण दोन महिन्यांनी ती आली. तिचंही तेच दुखणं निघालं. त्या नळीच्या वरचा मूत्रपिंडाचा भाग निकामी झाला होता, तेवढा काढावा लागला. बरी झाल्यावर नर्सबाई तिला बसपर्यंत सोडायला गेल्या.

"माझं चुकलं गं."

"तूही लहानच होतीस," धाकटी म्हणाली. पिशवी उचलल्यावर हळूच म्हणाली, "पण मोठी झाल्यावरही विचारलं नाहीस."

बस निघाली. आता दर रविवारी नर्सबाई फोन करतात. धाकटी उचलते, बरी आहे म्हणून सांगते, आणि चार वाक्यं झाली की "ठेवते" म्हणते.