आडव्या ज्वारीतली येळवस

ताकातल्या आंबिलीचा वास आला की मला ती येळवस आठवते. येळवस म्हणजे वेळ अमावास्या; त्या दिवशी आमच्याकडे रानाला नैवेद्य दाखवून गाव तिथंच जेवतं. त्या वर्षी आदल्या दुपारीच वादळ आलं, गारा पडल्या, उभी ज्वारी चिखलात आडवी झाली. "यंदा घरीच करू," वडील म्हणाले. आई उसळली, "रान दुखण्यात हाय, तर त्याला उपाशी ठिवता व्हय?" आंबिलीचं बिंदगं डोक्यावर घेऊन ती निघाली. ज्वारीच्या पडलेल्या धाटांचीच पूजेची कोपी उभारली, झोपल्या पिकावर आंबील शिंपडली आणि बांधावरून सुन्या शिवाराला हाक दिली, "जेवाया या रं समदे!" एकेक करत सगळे आले. यंदाही ऐन येळवशीच्या तोंडावर गारा पडल्या. आई आता नाही. बिंदगं वडलांनी उचललं.