डाळिंबाच्या चोवीस वह्या

पहिल्या सहा वह्या वाचून उत्तराबाई टिपणीस हसल्या. सातवी वही त्यांच्या भाचीची, चित्राची होती. ती उघडली आणि त्यांचं हसू मावळलं.

साल १९५३, जूनचा पहिला आठवडा. ठाण्यातल्या मुलींच्या हायस्कुलात बाई सोळा वर्षं मराठी शिकवत होत्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ-भावजय गेल्यावर चित्राला त्यांनीच वाढवलं. जीभ तिखट. खोटं खपवून घेत नाहीत अशी ख्याती होती, आणि ती त्यांना मनातून फार आवडायची.

सातवी होऊन हायस्कुलात येणाऱ्या मुलींनी मेची सुट्टी सागरगोटे खेळण्यात घालवू नये, ही कल्पना बाईंचीच. आपल्या पुराणांतल्या गोष्टी मुलींना पाठ असतात, म्हणून त्यांनी ग्रीक देवांची एक जुनी कथा मराठीत उतरवली आणि सायक्लोस्टाइल करून वाटली. धान्याच्या देवीची लेक पाताळाचा राजा पळवून नेतो. आई संतापून शेतं पिकूच देत नाही. शेवटी लेक सुटते; पण पाताळात तिने डाळिंबाचे चार दाणे खाल्लेले असतात, आणि तिथलं अन्न खाल्लं की तिथलंच व्हायचं असा राजाचा नियम, म्हणून दरवर्षी चार महिने तिला परत तिथे जावं लागतं. प्रश्न एकच: तिने डाळिंब का खाल्लं? तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

या वह्यांवरूनच तुकड्या ठरायच्या. मुली पंचवीस आणि 'अ' तुकडीत जागा चोवीस. 'अ' म्हणजे इंग्रजी, संस्कृत, पुढे मॅट्रिक. उरलेली एक 'ब' तुकडीत जायची. तिथे शिवण आणि स्वयंपाक.

चित्राच्या वहीत लिहिलं होतं, 'त्या दिवशी देवीच्या कन्येचा उपास असल्यामुळे तिने फलाहार केला. यावरून तिची धर्मनिष्ठा दिसून येते.' आधीच्या सहा वह्यांतही हेच होतं आणि पुढच्या सतरांतही. ग्रीकांच्या पाताळात एकादशी! समास आखलेले, अक्षर मोत्यासारखं, वहीला खाकी कव्हर.

हे डोकं कुणाचं, ते बाईंनी लगेच ओळखलं. भाऊ दोंदे म्हणजे मामलेदार कचेरीतले निवृत्त शिरस्तेदार आणि शाळेच्या कमिटीचे सभासद. सुट्टीत एका दुपारी आपल्या ओटीवर मुलींना ओळीने बसवून त्यांनी उत्तर सांगितलं आणि मुलींनी ते उतरवून घेतलं. आयाबापांना त्यात काही वावगं वाटलं नाही. भाऊंनी सांगितलंय ना, मग बरोबरच. वही स्वच्छ असली म्हणजे झालं. आत कुणाचं डोकं आहे, हे विचारतंय कोण! बाईंना या सगळ्या सोज्वळ गावाची शिसारी आली.

पंचविसावी वही कोलशेतच्या शकूची होती. तिचा बाप राघो मिठागरावर राबायचा. वहीला कव्हर नव्हतं, पानं ओल लागून फुगलेली. 'तिला भूक लागलेली. पळवून नेली तरी पोरीला भूक लागतेच. चार दाणे खाल्ले म्हणून ती राजी होती असं होत नाही. नियम राजाने केला, तिला कुणी विचारलेलं नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि वही घेऊन तडक भाऊंकडे गेल्या.

"भाऊ, बाकीच्या चोवीस मी बाद करणार. पुन्हा लिहून घेते."

भाऊंनी पान लावता लावता वही चाळली. "पोर आगाऊ दिसते. बाद करता? खुशाल करा. पण मग आयाबापांना कारण सांगावं लागेल. पहिलं नाव चित्राचं सांगा, म्हणजे झालं." पान तोंडात टाकून ते म्हणाले, "नाहीतर एक काढा नि हिला घ्या. कोणाची काढायची, ते तुम्हीच ठरवा बुवा."

घरी चित्रा इंग्रजीच्या नव्या पुस्तकावर नाव घालत बसली होती. "अगं आत्या, सगळ्यांनीच तर तसं लिहिलं!" ती म्हणाली. तिला खरंच काही वाटलेलं नव्हतं. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. काढायची तर हिचीच वही काढायला हवी होती. दुसऱ्या कुणाची काढायला तोंड नव्हतं.

सकाळी त्यांनी यादीवर सही केली. 'अ' तुकडीत चोवीस नावं होती, त्यात चित्राचं. 'ब'मध्ये शकू. सही नेहमीसारखीच सफाईदार आली, आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त किळस आली. गावाच्या नावाने नाक मुरडणाऱ्या बाई गावच्याच निघाल्या.

यादी लागली त्या दिवशी राघो शकूला घेऊन शाळेत आला. धुतलेला सदरा, पायात काही नाही.

"बाई, बरा झाला," तो हात जोडून म्हणाला. "पोर शिवाण शिकंल, रांधायला शिकंल. तुमचे लय उपकार. शकू, बाईंच्या पाया पर."

शकू वाकली नाही. "बाई, माझं उत्तर चुकलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मंग?"

राघोने तिच्या पाठीत धपाटा घातला. मास्तरणीला उलट विचारते म्हणून तो शरमेने अर्धा झाला होता. "पोर बावली हाय बाई, माफी करा," तो कळवळून म्हणाला.

"असू दे," उत्तराबाई म्हणाल्या.